बैलाची टाच कुठे असते?

पोळ्याच्या सकाळी बैल धुताना त्याच्या मागच्या पायाकडे जरा निरखून बघा. पायाच्या साधारण मधोमध हाडाचा एक ठसठशीत सांधा दिसतो. त्याचं टोक मागच्या बाजूला असतं. आपला गुडघा वाकला की पुढे येतो, हा सांधा वाकला की मागे जातो. खान्देशात कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बैलना गुडघा मांगे वळस." घोड्याबद्दल, शेळीबद्दल, कुत्र्याबद्दलही लोक हेच सांगतात.

पण तो गुडघा नाहीच. ती बैलाची टाच आहे.

पटत नसेल तर बैल शांत असताना हात लावून खात्री करता येते. शेपटीजवळ, पुठ्ठ्याच्या आतून सुरुवात करा. मांडीचं हाड तिथून खाली आणि पुढे येतं. ते संपतं पोटाच्या कडेला, जिथे मागच्या पायाची कातडी पोटाला मिळते तिथे. त्या जागी चाचपलं तर हाताला वाटी लागते. हा खरा गुडघा. तो पुढेच वाकतो, अगदी आपल्यासारखा. तो पोटाला इतका चिकटून असतो की लांबून नजरेत भरत नाही, एवढंच. गुडघ्यापासून नडगी खाली आणि मागे जाते आणि त्या मघाच्या टोकदार सांध्याशी पोचते. सांध्याच्या वर मागच्या बाजूला दोरखंडासारखी ताठ शीर हाताला लागते, रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी. आपल्या टाचेच्या वर जी जाड शीर असते, तीच ही. म्हणजे खालचं टोक टाचेचं आणि सांधा घोट्याचा. टाचेच्या खाली जी लांब, सरळ, बिनमांसाची नळी दिसते तो बैलाचा पाऊल-भाग. आपल्या पावलाच्या मधल्या भागात पाच हाडं असतात. बैलात त्यांतली दोन लांब होऊन एकमेकांना जोडली गेली आहेत. त्याच्याखाली बोटं आणि सगळ्यात शेवटी खूर, म्हणजे नख.

थोडक्यात, बैल आयुष्यभर नखांच्या टोकावर उभा असतो. टाच जमिनीपासून हात-दीड हात वर.

पुढच्या पायांचंही तसंच. बैल बसताना आधी पुढचे 'गुडघे' टेकतो असं आपण म्हणतो. ते त्याचे मनगटाचे सांधे असतात. कोपर तर त्याच्याही वर, छातीला लागून. बैल बसताना आधी मनगटं टेकतो असं म्हटलं की ऐकायला विचित्र वाटतं, पण हाडांचा हिशेब तोच सांगतो.

खुराकडे अजून थोडं थांबूया. बैलाचा खूर मधून फाटलेला असतो, कारण ती दोन वेगवेगळी नखं आहेत: तिसऱ्या बोटाचं आणि चौथ्या बोटाचं. मागे वर जी दोन छोटी नखं लोंबताना दिसतात, ती दुसऱ्या आणि पाचव्या बोटाची शिल्लक. अंगठा पूर्ण गेला. म्हणूनच बैलाला पत्री, म्हणजे नाल, मारताना एका पायाला दोन वेगळे तुकडे लागतात. नखं दोन, आणि चालताना ती एकमेकांपासून सुटी हलतात. काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर जो चिखल होतो त्यात बैलाचा खूर टेकताना फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे पाय सुटायला मदत होते. घोड्याला मात्र एकच गोल नाल. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, मधल्या बोटावर चालतो. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता आणि त्याच्या पुढच्या पायांना चार, मागच्या पायांना तीन बोटं होती. पुढे कोट्यवधी वर्षांत बाजूची बोटं झिजत गेली. आजच्या घोड्याच्या नळीला दोन्ही बाजूंनी चिकटलेली दोन बारीक हाडं हे त्यांचे अवशेष.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तापीकाठी नुकरा, मारवाडी, काठेवाडी अशी जनावरं रांगेत उभी असतात. जाणकार गिऱ्हाईक तोंड बघतं, दात बघतं आणि मग पाय उचलून खूर बघतं. त्यात शहाणपण आहे. पाचशे किलोचं जनावर चार नखांवर तोललेलं असेल, तर नखाला तडा म्हणजे सौदा गेला. हे नख वाढतंही: घोड्याचा खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणून नाल काढून, नख कापून पुन्हा ठोकावा लागतो.

आता कुत्रं घ्या. कुत्रं नखावर उभं राहत नाही, बोटांवर राहतं. आपण चवड्यावर उभे राहिलो आणि टाच चांगली उंच उचलली की जे होतं, ती त्याची रोजची अवस्था. कुत्र्याच्या मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' म्हणजेही टाचच. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर एक नख लटकलेलं दिसतं. तो त्याचा अंगठा. जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही आणि कधी कधी इतका वाढतो की वळून कातडीत रुततो. घरी कुत्रं पाळणाऱ्यांनी तेवढं नख बघत जावं.

मांजर, बिबट्या, वाघ, तरस, कोल्हा सगळे याच गटातले. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत पाटाच्या पाण्याने ओल असते आणि बिबट्या गेला असला तर पाऊल छान उमटतं. चार बोटं आणि त्यामागे एक मोठी गादी, तिची मागची कड तीन भागांत लाटेसारखी. बहुतेकांना वाटतं ती गादी म्हणजे टाच. नाही. ती बोटांच्या मुळाशी असते, आपल्या चवड्याच्या जागी. बिबट्याची टाच चालताना त्या ठशाच्या कितीतरी वर, हवेत असते. ठशात नखांच्या खुणा नसतात, कारण मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून ठेवतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात त्या दिसतात. बागेत ठसा दिसला आणि गाव घाबरलं, तर आधी नखं बघावीत.

पक्षीही बोटांवरच चालतात. घरी रस्सा केला असेल तर लेगपीस हातात घेऊन बघा. वरचा मांसल, फुगीर भाग ही कोंबडीची पोटरी. खाली निमुळतं टोक, जिथे आपण धरतो, तो घोटा. त्याच्याखालचा खवल्यांचा पिवळा भाग खाटीक तोडून टाकतो. ते तिचं पाऊल, त्यात घोट्याची काही आणि पावलाची हाडं मिळून एकच झालेली. कोंबडीचा खरा गुडघा लेगपीसच्या वरच्या टोकाला, मांडीच्या तुकड्याला जोडतो तिथे असतो आणि जिवंत कोंबडीत पिसांखाली झाकलेला राहतो. हतनूर धरणाच्या पाण्यात उभा राहणारा बगळा 'गुडघ्यात मागे वाकतो' तोही घोट्यातच वाकतो.

मग पूर्ण तळवा टेकणारं कोण? उंदीर, खार, साळिंदर, अस्वल आणि आपण. सातपुड्यातल्या अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या ठशासारखा वाटतो, टाचेसकट. एक खूण मात्र उलटी: माणसाचं मोठं बोट आतल्या बाजूला असतं, अस्वलाचं बाहेरच्या. शिवाय त्याची बोटं जवळपास एका ओळीत आणि पुढे लांब नखांचे ओरखडे.

इथे शाळेत शिकवलेली तिन्ही नावं सांगून टाकतो, पुन्हा लागणार नाहीत. तळव्यावर चालणारे पादतलचारी, बोटांवर चालणारे अंगुलिचारी, खुरावर चालणारे खुरचारी. परीक्षेला ठीक आहेत. पण या तीन डब्यांत सगळे नीट बसत नाहीत. हत्तीचं पाऊल बाहेरून सपाट खांब वाटतं. आत हाडं बऱ्यापैकी उभी असतात, हत्ती बोटांवरच उभा असतो, आणि टाचेखाली चरबीची जाडजूड गादी ती पोकळी भरून काढते. उंट दोन बोटांवर चालतो, पण त्यांच्याखाली मऊ रुंद गादी असल्याने वाळूत रुतत नाही. ससा बसतो तळव्यावर, पळतो बोटांवर. बहुतेक माकडं, जी आपल्याला अगदी आपल्यासारखी वाटतात, तीसुद्धा चालताना टाच आधी टेकवत नाहीत, किंचित वर धरतात. टाच आधी टेकवणारे चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान. म्हणजे माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा त्याने टाच टेकवणं नव्याने शोधलं, असं दिसत नाही. ती सवय त्याच्या आधीच्या झाडावरच्या नातलगांकडून आली असावी.

एवढ्या सगळ्या जनावरांनी टाच उचलली ती का, हे आधी समजून घेऊ.

पळण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: एक ढांग किती लांब आणि मिनिटाला ढांगा किती. टाच उचलली की पावलाची लांबी पायाच्या लांबीत जमा होते आणि ढांग वाढते. बैलाची नळी म्हणजे त्याच्या पायाची फुकटात वाढलेली लांबी. दुसरी गोष्ट जास्त चलाखीची आहे. पाय मागे-पुढे फेकायला ताकद लागते आणि पायाचं टोक जड असेल तर जास्तच. म्हणून या जनावरांचं सगळं मांस वर, पुठ्ठ्यात आणि मांडीत असतं. खाली फक्त हाड, शिरा आणि नख. घोड्याच्या टाचेखाली बघा, मांस जवळपास दिसतच नाही. वरचे स्नायू लांब शिरांमधून खालचा पाय हलवतात. त्या शिरा पाय टेकताना ताणल्या जातात आणि उचलताना ती ताकद परत देतात. घोडा दौडत असताना खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे दबतो आणि पुन्हा उसळतो, ते याच शिरांमुळे.

याच शिरांमुळे घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो. सांधे कुलूप लागल्यागत स्थिर होतात, स्नायूंना फारसं जोर लावावं लागत नाही. बैलालाही टाच वर धरून दिवसभर औत ओढताना आपल्यासारखे पोटऱ्यांत गोळे येत नाहीत. आपण दोन मिनिटं चवड्यावर उभे राहिलो तर पोटरी बोंबलायला लागते.

किंमत काय मोजावी लागली? बैलाला झाडावर चढता येत नाही, काही पकडता येत नाही, पाऊल बाजूला वळवता येत नाही. त्याचा पाय पुढे-मागे जाण्यासाठी आहे, बस्स. बिबट्याने मधला मार्ग काढला: टाच उचलली, पण बोटं आणि नखं शाबूत ठेवली, म्हणून तो शिकारही धरतो आणि झाडावरही चढतो.

माणसाने टाच खाली का ठेवली, हा खरा प्रश्न. टाच उचलून इतका फायदा होत असेल तर आपण मागे का राहिलो?

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डेव्हिड कॅरियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे मोजलं. त्यांनी माणसांना तीन प्रकारे चालायला लावलं: नेहमीसारखं टाच आधी टेकवून, टाच थोडी उचलून चवड्यावर, आणि पूर्ण बोटांच्या टोकावर. चालताना माणूस किती ऑक्सिजन वापरतो यावरून किती ऊर्जा खर्च झाली ते काढलं. चवड्यावर चालायला ५३ टक्के जास्त ऊर्जा लागली. बोटांच्या टोकावर ८३ टक्के जास्त.

हे आकडे आपल्या रस्त्यावर आणून बघा. जळगाव ते भुसावळ साधारण २५ किलोमीटर. कुणी ते अंतर चवड्यावर चालून गेला, तर भुसावळ येईपर्यंत त्याच्या अंगातून नेहमीच्या चालीच्या ३८ किलोमीटरची ताकद गेलेली असेल. बोटांच्या टोकावर गेला, तर जवळपास ४६ किलोमीटरची.

गंमत पुढे आहे. धावताना हा फरक पडला नाही. टाच आधी टेकवून धावा की चवडा आधी टेकवून, खर्च सारखाच. म्हणजे टाचेचा फायदा चालण्यापुरता आहे. शंभर मीटर धावणारा खेळाडू टाच टेकवत नाही. लांब पल्ल्याचे अनवाणी धावणारेही बऱ्याचदा चवड्यावर उतरतात, कारण त्यामुळे पायाला बसणारा पहिला दणका कमी होतो. पण हेच लोक चालायला लागले की टाच पहिली टेकते.

असं का होतं? दोन कारणं महत्त्वाची वाटतात. चवड्यावर उभं राहिलं की शरीराचं वजन घोट्याच्या पुढे पडतं आणि पोटरीला ते मागून ओढून धरावं लागतं. घोट्यापासून टाच जितकी लांब, त्याच्या दुपटीहून जास्त लांब चवडा असतो. त्यामुळे एका पायावर चवडा टेकून उभं राहिलं तर पोटरीला अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर लावावा लागतो, तोही प्रत्येक पावलाला. नुसती पोटरीच नाही, मांडी, कंबर आणि पाठीचे स्नायूही जास्त राबतात. टाच टेकली की वजन थेट हाडांवरून खाली उतरतं आणि स्नायूंना विश्रांती मिळते.

दुसरं कारण पावलाच्या गोलाईचं. टाच टेकते, मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्याकडे येतो आणि शेवटी अंगठा ढकलतो. बैलगाडीचं चाक जसं जमिनीला टेकण्याची जागा बदलत पुढे जातं, तसं पाऊल आपल्या अंगाखालून पुढे वळत जातं. अंग सारखं खाली आपटत नाही, पुढे वाहत राहतं. एका पावलाची गती पुढच्या पावलाला मिळते, दरवेळी नव्याने ढकलावं लागत नाही. ओल्या पायाने शहाबादी फरशीवर चालून ठसा बघा: टाच पूर्ण, मग बाहेरच्या कडेला बारीक पट्टा, मग रुंद चवडा आणि बोटं. आत जो कोरडा भाग राहिला ती पावलाची कमान. टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा ती ताणून धरतो. २६ हाडांच्या या पावलात हीच जागा दाबली जाते आणि सुटते.

इथे एक सावधगिरी. युटाचा प्रयोग माणसांवर झाला. त्यातून बैल आळशी किंवा उधळ्या ठरत नाही. बैलाच्या शिरा, सांधे, नळी सगळं खुरावर चालण्यासाठीच बनलं आहे, म्हणून त्याला खुरावर चालणं परवडतं. आपलं शरीर तळव्यासाठी बनलं आहे, म्हणून आपल्याला चवडा परवडत नाही. दुसऱ्याची चाल उचलली की खर्च वाढतो, दोन्ही बाजूंनी.

माणूस पळण्यात सामान्य आहे. आपल्या वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा आपल्याला पळायला जास्त ऊर्जा लागते. चालण्यात मात्र आपण फार काटकसरी. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले जत्थे बघा, अंगावर एप्रिलचं ऊन. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते, ती वाट महिन्याभराची. त्यात साठी-पासष्टीच्या आजीही असतात, डोक्यावर तुळस घेऊन. एवढं अंतर त्या पळू शकणार नाहीत, पण चालू शकतात. श्रद्धा तर आहेच, पण त्यात टाचेचाही वाटा आहे.

हे आजचं नाही. टांझानियातल्या लाएटोली इथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटून दगड झालेली पावलं सापडली. वय सुमारे ३६ लाख वर्षं. तेव्हा दगडी हत्यारांचाही मागमूस नव्हता, मेंदू चिंपांझीएवढाच होता. पण त्या ठशांत टाच खोल रुतलेली आहे आणि अंगठा इतर बोटांच्या ओळीत आहे. मोठा मेंदू येण्याआधी आपण टाचेवर चालायला शिकलो होतो.

कॅरियर यांनी पुढे २०१७ मध्ये दुसरी एक बाजू मांडली. माणसांना टाच टेकवून आणि टाच उचलून उभं करून त्यांना जड वस्तूवर प्रहार करायला लावले, तेव्हा टाच टेकलेली असताना जोर जास्त लागला. त्यावरून त्यांनी असं सुचवलं की चिंपांझी-गोरिलासारख्या मोठ्या वानरांत आणि माणसांत टाच टिकून राहण्यामागे मारामारीतला फायदाही असावा. मला हे अर्धंच पटतं. धुळ्या-अमळनेरच्या आखाड्यात पहिलवान पाय रोवतो ते तळव्यानेच, हे खरं. पण बॉक्सर ठोसा मारताना मागची टाच उचलतो, हेही खरं. चालण्याच्या काटकसरीचा पुरावा भक्कम आहे, मारामारीचा अजून वादात आहे.

शेवटी घरातली एक गोष्ट, कारण आयांचा हा प्रश्न नेहमीचा असतो. नुकतं चालायला लागलेलं लेकरू बऱ्याचदा चवड्यावर, टाचा उचलून चालतं. दोन-तीन वर्षांपर्यंत हे चालतं, बहुतेकांचं आपोआप सुटतं. पण तीन वर्षांनंतरही मूल कायम चवड्यावर चालत असेल, आधी टाच टेकवत होतं आणि आता टेकवत नाही असं झालं असेल, किंवा एकाच पायाने तसं करत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. कधी टाचेमागची शीर आखूड असते, कधी स्नायू किंवा मज्जातंतूंचा त्रास असतो, आणि तो लवकर कळला तर व्यायाम आणि उपचार वेळेत सुरू करता येतात. चवड्यावर चालणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. तपासताना डॉक्टर आधी एवढंच बघतात की गुडघा सरळ ठेवून पाऊल हाताने वर दाबलं तर किती वाकतं.